अकरा राज्यं, अडीच निवडणुका

न्यू जर्सीतल्या टीनेकजवळ सुरू होणारा आय-८० महामार्ग थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन थांबतो. अंतर साधारण ४,६६० किलोमीटर, वाटेत अकरा राज्यं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली असताना, मी आणि माझा मावसभाऊ या रस्त्याने गाडीने गेलो. दादा न्यू जर्सीत पंचवीस वर्षं राहतोय. निघताना वहिनींनी धपाटे बांधून दिले, मी सांगलीहून आणलेला भडंग होता, आणि एक वही होती. वहीत मी फक्त एकच गोष्ट टिपायची ठरवली होती: निवडणूक कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही.

कारण आपल्याकडे निवडणूक म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. रिक्षावरचा भोंगा, चौकातला फ्लेक्स, दारात हात जोडून उभा असलेला उमेदवार. जगातल्या सर्वांत बलाढ्य पदाची निवडणूक म्हटल्यावर देशभर असाच कल्लोळ असणार असं मी गृहीत धरलं होतं. दादा म्हणाला, "अरे, मला नागरिकत्व मिळून अठरा वर्षं झाली. प्रेसिडेंटसाठी माझ्या दारावर आजवर कुणी टकटक केलेलं नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज गावाजवळ माझ्या वालचंद कॉलेजच्या वर्गमित्राकडे मुक्कामाला पोचलो. चहा होईपर्यंत दारावरची बेल दोनदा वाजली आणि जेवताना तिसऱ्यांदा. एकदा डेमोक्रॅट, एकदा रिपब्लिकन, एकदा कुठलीशी संघटना. टीव्ही लावला तर डेमोक्रॅट कमला हॅरिसबाईंच्या जाहिरातीला लागून रिपब्लिकन ट्रम्प यांची, तिला लागून पुन्हा हॅरिसबाईंची, मध्ये एखादी गाद्यांची. मित्राची मुलगी पहिल्यांदाच मतदान करणार होती. तिच्या फोनवर दिवसाला दहाबारा मेसेज येत होते. त्याच आठवड्यात ट्रम्प यांनी याच राज्यातल्या फीस्टरव्हिल इथे मॅकडोनाल्ड्समध्ये ॲप्रन घालून फ्रेंच फ्राइज तळले, आणि इलॉन मस्क यांनी स्विंग स्टेटमधल्या, म्हणजे कुणाकडेही झुकू शकणाऱ्या राज्यांतल्या, मतदारांनी आपल्या निवेदनावर सही केली तर त्यांच्यातल्या एकाला रोज दहा लाख डॉलर द्यायची घोषणा केली, तीही पेनसिल्व्हेनियातूनच.

दादाचं घर या घरापासून चार तासांवर. दोघंही अमेरिकन नागरिक, दोघंही मराठी, दोघांनाही मत एकेकच. मग एकाला जावयाचा मान आणि दुसऱ्याला कुत्रं विचारत नाही, असं का?

अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत, राज्यं निवडतात, हे त्याचं थोडक्यात उत्तर. प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येने निर्वाचक मिळतात. किती? त्या राज्याचे प्रतिनिधीगृहातले, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले, सदस्य अधिक वरिष्ठ सभागृहातले सिनेटर दोन. प्रतिनिधीगृहात ४३५ जागा, सिनेटमध्ये १००, आणि राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळालेले ३. एकूण ५३८. त्यातले २७० ज्याच्याकडे, तो राष्ट्राध्यक्ष. या निर्वाचकांच्या मंडळाला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. नाव कॉलेजचं असलं तरी हे सगळे कधीही एका छताखाली जमत नाहीत. डिसेंबरमध्ये ते आपापल्या राज्यात भेटतात, मत देतात आणि घरी जातात.

इथपर्यंत फार काही विचित्र नाही. आपलेही राष्ट्रपती थेट लोक निवडत नाहीत. आमदार-खासदार निवडतात, आणि आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चं, उत्तर प्रदेशचं २०८ चं, गोव्याचं २० चं, सिक्कीमचं ७ चं. पण आपले राष्ट्रपती देश चालवत नाहीत, त्यामुळे या हिशेबावरून कुणाची झोप उडत नाही. अमेरिकेत तोच माणूस राष्ट्रप्रमुख, तोच सरकारप्रमुख, तोच सेनापती.

खरी गंमत पुढच्या नियमात आहे. ५० पैकी ४८ राज्यांत आणि राजधानीत जो उमेदवार एका मताने का होईना पुढे असेल, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक मिळतात. जो जिंकेल त्याला सगळं. कल्पना करा, महाराष्ट्रात एका आघाडीला दुसरीपेक्षा काही हजार मतं जास्त पडली आणि म्हणून लोकसभेच्या ४८ च्या ४८ जागा तिला देऊन टाकल्या. आपली पद्धतही काही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांची टक्केवारी जवळपास सारखी होती आणि जागा पडल्या ३० आणि १७. (उरलेली एक आमच्या सांगलीची, अपक्ष. त्या विषयात आत्ता शिरत नाही.) पण निदान हरलेल्याच्या हातात १७ तरी आल्या. अमेरिकेत शून्य आल्या असत्या.

आता उमेदवाराच्या जागी बसून विचार करा. कॅलिफोर्निया डेमोक्रॅट वीस टक्क्यांनी जिंकणार हे आधीच ठाऊक आहे. तिथे आणखी दहा लाख मतं मिळवून हॅरिसबाईंना काही मिळत नाही, आणि दहा लाख मतं मिळवून ट्रम्प यांनाही काही मिळत नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यात पडली असतील? टेक्सास म्हणाल. नाही, कॅलिफोर्नियात, ६० लाखांवर. त्यांतून हाती आलेले निर्वाचक शून्य. त्यामुळे २०२४ मध्ये सगळा पैसा, सगळे दौरे, सगळ्या टकटकी सात राज्यांत एकवटल्या. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा. मिळून ९३ निर्वाचक. ही स्विंग स्टेट्स, म्हणजे कुंपणावर बसलेली राज्यं. आमच्या अकरा राज्यांच्या रस्त्यावर यांतली दोनच येतात आणि अर्धं आणखी एक. त्या अर्ध्याबद्दल पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओहायोत शिरलो. टीव्हीवर जाहिराती होत्याच, पण त्या सिनेटच्या: शेरॉड ब्राउन आणि बर्नी मोरेनो यांच्या महागड्या लढतीच्या. राष्ट्राध्यक्षपदाचं नावही नाही. एकेकाळी ओहायो म्हणजे निवडणुकीचं काळीज होतं. २००४ मध्ये बुश-केरी लढतीचा फैसला इथे लागला, ओबामा इथे दोनदा जिंकले. २०१६ पासून राज्य पक्कं रिपब्लिकन झालं, आणि उमेदवारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. आयोवाचीही तीच गत. ओबामा दोनदा, ट्रम्प तीनदा. वॉलकॉटमध्ये जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रकचा थांबा आहे. तिथे चारशे-पाचशे ट्रक उभे असतील, टोप्या, झेंडे, ताटाएवढे पॅनकेक, सगळं होतं. उमेदवाराचा एक फलक दिसला, तोही २०२० चा, उन्हाने विटलेला.

इंडियानात साऊथ बेंडच्या मोटेलमध्ये मात्र अचानक टीव्हीवर पेनसिल्व्हेनियासारखा धुरळा. मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. दादा हसला. तिथून मिशिगनची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, आणि साऊथ बेंडच्या वाहिन्या हद्दीपलीकडच्या मिशिगनवाल्यांनाही दिसतात. जाहिराती त्यांच्यासाठी होत्या. इंडियानाचे लोक फुकटचे प्रेक्षक. शेजारच्या लग्नातला बँड आपल्या घरात ऐकू यावा तसं.

कुणी म्हणेल, जाहिराती नाही दिसल्या तर उलट बरंच. मलाही साऊथ बेंडला रात्री तसंच वाटलं होतं. पण प्रश्न जाहिरातींपुरता राहत नाही, धोरणं त्याच दिशेला वाकतात. जपानच्या निप्पॉन स्टीलने यूएस स्टील ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. कंपनीचं मुख्यालय पिट्सबर्गला, पेनसिल्व्हेनियात. निवडणूक होईपर्यंत बायडेन, हॅरिस आणि ट्रम्प तिघांचाही या सौद्याला विरोध. बायडेन यांनी जाता जाता, जानेवारी २०२५ मध्ये तो अडवला. जूनमध्ये ट्रम्प यांनी अटी घालून त्याला परवानगी दिली. जपान तोच, कंपनी तीच, पोलाद तेच. मधल्या काळात फक्त पेनसिल्व्हेनियाची मतं मोजून झाली होती. किंवा फ्रॅकिंग घ्या, म्हणजे खडक फोडून नैसर्गिक वायू काढण्याची पद्धत. हॅरिसबाईंनी २०१९ मध्ये त्यावर बंदी घालायला पाठिंबा दिला होता. २०२४ मध्ये म्हणाल्या, मी बंदी घालणार नाही. हा वायू पेनसिल्व्हेनियात निघतो. तो एखाद्या पक्क्या राज्यातच निघत असता तर त्यांचं मत बदललं असतं का, याचा अंदाज तुम्हीच करा.

याची झळ समुद्रापलीकडेही लागते. मे २०२५ च्या अखेरीस ट्रम्प यांनी आयात पोलादावरचा कर २५ वरून ५० टक्के करण्याची घोषणा केली ती व्हाइट हाऊसमधून नव्हे, पिट्सबर्गजवळच्या वेस्ट मिफलिन इथल्या पोलाद कारखान्यात, कामगारांसमोर उभं राहून. भोसरी-चाकणमधून अमेरिकेला सुटे भाग पाठवणाऱ्याने या करांच्या बातम्या वाचताना नकाशावर पिट्सबर्ग शोधून ठेवावं. वॉशिंग्टनचा नकाशा तेवढा उपयोगाचा नाही.

हे खूळ आलं कुठून? प्रवासाच्या आदल्या आठवड्यात मी फिलाडेल्फियाला इंडिपेंडन्स हॉल बघून आलो होतो. १७८७ च्या उन्हाळ्यात इथे बंद खिडक्यांआड घटना लिहिली गेली. खोली अपेक्षेपेक्षा लहान आहे, हिरव्या कापडाची टेबलं, मेणबत्त्या. मार्गदर्शक उत्साहाने सांगत होता की लहान राज्यांवर अन्याय होऊ नये म्हणून ही व्यवस्था आली. अर्धसत्य आहे हे. लहान राज्यांसाठी तडजोड झाली ती सिनेटमध्ये: राज्य केवढंही असो, सदस्य दोन. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असा प्रस्ताव पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी मांडला होता. त्यावर व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन बोलले ते नोंदवहीत आहे, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. थेट निवडणूक तत्त्वतः सर्वांत चांगली, पण उत्तरेत मतदार जास्त आणि दक्षिणेला गुलामांच्या जिवावर काही वजन मिळणार नाही, असा त्यांचा मुद्दा. गुलामांना मत नव्हतं. पण प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायचं ठरलं होतं. निर्वाचकांची संख्या त्या जागांवर बेतली की गुलाम मत न देताही मालकाच्या राज्याचं वजन वाढवणार. झालंही तसंच. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

आणि 'जो जिंकेल त्याला सगळं' हा नियम तर घटनेत नाहीच. घटना एवढंच सांगते की निर्वाचक कसे नेमायचे ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं. सुरुवातीला तऱ्हेतऱ्हेच्या पद्धती होत्या. काही राज्यं जिल्हावार निर्वाचक निवडत. १८०० मध्ये थॉमस जेफरसन यांच्या माणसांच्या लक्षात आलं की व्हर्जिनियातले सगळे निर्वाचक एकगठ्ठा पडले तर आपला फायदा आहे, आणि त्यांनी नियम बदलला. लगेच मॅसॅच्युसेट्सने प्रतिस्पर्ध्याच्या सोयीसाठी आपला बदलला. एकाने गठ्ठा बांधला की दुसऱ्याला सुट्या नोटा परवडत नाहीत. १८३६ पर्यंत साऊथ कॅरोलिना सोडून सगळ्यांनी गठ्ठा बांधला होता. अडाण्यांच्या बाजारात शहाण्यानेही काटा मारायचा, असा हा सगळा प्रकार, आणि आज त्यालाच लोक पूर्वजांचं शहाणपण म्हणतात.

दोन राज्यं मात्र या गठ्ठ्यातून बाहेर पडली आहेत. मेन १९७२ पासून, नेब्रास्का १९९२ पासून. मिसुरी नदीवरचा पूल ओलांडून आम्ही आयोवातून नेब्रास्कातल्या ओमाहात शिरलो. शेअर बाजारवाल्यांना हे गाव वॉरेन बफे यांच्यामुळे माहीत असतं. पाच मिनिटांत दादाने गाडीचा वेग कमी केला. "हे काय रे?" घरांसमोरच्या हिरवळीवर पांढरे फलक, आणि त्यावर फक्त एक निळा गोल ठिपका. नाव नाही, पक्ष नाही, घोषणा नाही. एका गल्लीत मी सतरा मोजले.

नेब्रास्काचे निर्वाचक पाच. दोन राज्यभर जिंकणाऱ्याला, आणि तीन एकेका मतदारसंघात जिंकणाऱ्याला. राज्य पूर्ण लाल, म्हणजे रिपब्लिकन. ओमाहाचा दुसरा मतदारसंघ मात्र २००८ मध्ये ओबामांकडे आणि २०२० मध्ये बायडेन यांच्याकडे गेला. लाल समुद्रातला निळा ठिपका. एका निर्वाचकाने काय होतंय, असं वाटेल. गणित करा. हॅरिसबाईंनी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकलं असतं आणि बाकीची चार स्विंग स्टेट्स हरल्या असत्या, तर ओमाहा धरून बेरीज होते बरोब्बर २७०. ओमाहा वगळून २६९. म्हणजे बरोबरी, आणि मग निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत: कॅलिफोर्नियाच्या ५२ सदस्यांचं मिळून एक आणि वायोमिंगच्या एकुलत्या एका सदस्याचं एक.

म्हणूनच सप्टेंबरमध्ये साऊथ कॅरोलिनाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम नेब्रास्काच्या राजधानीत येऊन इथल्या आमदारांना समजावून गेले, की ऐन वेळी का होईना, तुम्हीही गठ्ठा बांधा. नेब्रास्काचं विधिमंडळ एकाच सभागृहाचं, ४९ जणांचं. अडवणूक मोडायला ३३ हवे होते. ओमाहाचे माइक मॅकडॉनेल, जे त्याच वर्षी डेमोक्रॅट पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते, नाही म्हणाले आणि विषय तिथेच संपला. एका पेट्रोल पंपावर कॉफी घेताना तिथल्या बाईंना मी विचारलं, ठिपक्याचा त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, मी लाल बाजूची आहे, पण गेल्या महिन्यात दोन्हीकडची माणसं माझ्या दारात येऊन गेली. आमच्या गावाला कधी नव्हे ती किंमत आली आहे, ती मी कशाला घालवू? बाकीच्या जवळपास साडेचारशे मैल नेब्रास्कात आम्हाला मका, सोयाबीन, प्लॅट नदी आणि मालगाड्या दिसल्या. किंमत आलेलं कुणी भेटलं नाही.

वायोमिंगबद्दल माझं मत या प्रवासात बदललं. अमेरिकेतल्या उदारमतवाद्यांच्या तोंडी वायोमिंग हे शिवीसारखं येतं. हिशेब खरा आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चार-पंचमांश, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ७७ हजार. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेहून थोडी जास्त. तरी सिनेटर दोन, निर्वाचक तीन. दर निर्वाचकामागे माणसं १ लाख ९२ हजार. कॅलिफोर्नियात हाच आकडा ७ लाख ३० हजारांवर जातो. म्हणजे वायोमिंगच्या मताचं वजन जवळपास चौपट.

मग या चौपट वजनाच्या लोकांकडे उमेदवार का फिरकत नाहीत? शायेन ते लारामी, सगळा रस्ता वारा आणि पिवळं गवत. निवडणुकीची एकही खूण नाही. पंपावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे ते फक्त देणगी मागायला येतात, तेही श्रीमंतांच्या जॅक्सनला. लहान राज्यांना आवाज मिळावा म्हणून ही पद्धत आहे, हा बचाव इथेच गळून पडतो. वायोमिंग, मॉन्टाना, व्हर्मॉन्ट, डेलावेअर: सगळी लहान, सगळी बेदखल. वजन असून उपयोग काय, तराजू दुसऱ्याच गावात लावला आहे. माझ्या मते लहान राज्यांचे जास्तीचे दोन निर्वाचक हा किरकोळ दोष. मोठा दोष तो गठ्ठा. वायोमिंगला नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की बायकांना मताचा हक्क १८६९ मध्ये इथे मिळाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या बायकांना तो मिळायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती.

लारामीच्या अलीकडे आय-८० ची सर्वांत उंच जागा लागते, ८,६४० फूट. तिथे ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर लिंकन यांचं भलंमोठं शिर आहे, मान खाली, चेहरा विचारात. खाली उभं राहून दादा म्हणाला, "हा माणूस तुझ्या गठ्ठ्यानेच निवडून आला की." बरोबर पकडलं त्याने. १८६० मध्ये चौरंगी लढतीत लिंकन यांना ४० टक्क्यांहून किंचित कमी मतं होती, दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाने एक मत नोंदलं गेलं नाही. उत्तरेतल्या राज्यांचे गठ्ठे मिळाले म्हणून ते जिंकले. त्यामुळे ही पद्धत नेहमी वाईट माणसालाच निवडते असं मी म्हणणार नाही. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच वेळा तिने कमी मतं मिळवणाऱ्याला निवडलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त होती. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियात मिळून ७८ हजारांना कमी पडली आणि खेळ संपला.

आणखी एक बचाव ऐकायला मिळतो: थेट मतदान आलं तर उमेदवार फक्त न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागोत फिरतील. तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून दीड कोटीच्या थोडी वर, देशाची ३३ कोटी. पाच टक्केही होत नाहीत. आपल्याकडे राज्यपालासारखं पद निवडणुकीने भरत नाही, तिथे भरतं. राज्यभर थेट मतांनी. म्हणून टेक्सासचा गव्हर्नर फक्त ह्यूस्टन-डॅलसमध्ये प्रचार करून घरी बसत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी अडतो. अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती पैशांचा हिशेब बघते. मतदान घेतात तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, प्रत्येकीच्या मतपत्रिका वेगळ्या, यंत्रं वेगळी, मुदती वेगळ्या. २००० मध्ये एकट्या फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक पडला, तर पस्तीस-छत्तीस दिवस देश टांगणीला लागला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली. देशभराची मतं एकत्र धरायची आणि फरक काही हजारांचा निघाला, तर फेरमोजणी पन्नासही राज्यांत. आधी आयोग, मग थेट मतदान, असा क्रम असायला हवा. तो सांगणारे मला तिथे फारसे भेटले नाहीत.

अर्थात राज्याराज्यांच्या पातळ फरकालाही मोह चिकटतो. २०२० मध्ये बायडेन देशात सत्तर लाखांनी पुढे होते. सत्तर लाख मतं कुणी कुणाकडे मागायला जात नाही. पण जॉर्जियातला फरक होता ११,७७९ चा, आणि २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याला फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. त्याचं ध्वनिमुद्रण जगाने ऐकलं. एका राज्याने निकाल फिरला नसता, आणखी दोन हवी होती; पण अशी मागणी सुचते ती आकडा हाताच्या आवाक्यात असतो म्हणून.

युटातले मिठाचे पांढरे मैदान संपले, वेंडोव्हरला नेवाडात शिरलो आणि मोटेलच्या टीव्हीने पुन्हा कंठ फोडला. नेवाडाचे निर्वाचक सहा. कसिनोत, हॉटेलांत काम करणारी, टिपवर जगणारी माणसं इथे अमाप. जूनमध्ये ट्रम्प यांनी लास व्हेगासला सांगितलं होतं, टिपवर कर नको. ऑगस्टमध्ये हॅरिसबाईंनीही लास व्हेगासलाच येऊन तेच सांगितलं. शेतमजुराला, कारखान्यातल्या हमालाला टिप मिळत नाही, त्यांच्या कराचं काय, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात ती सवलत आली. रिनोत आम्हाला वाढणाऱ्या मुलीला दादाने वीस टक्के टिप ठेवली आणि विचारलं, मत कुणाला? ती म्हणाली, इथे मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' असाही पर्याय असतो. आपला नोटा २०१३ चा. नेवाडाचा १९७५ पासून आहे.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहाने ३३८ विरुद्ध ७० अशी मंजूर केली, निक्सन यांचाही पाठिंबा होता. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये, मुख्यतः दक्षिणेच्या सदस्यांनी लांबण लावून ती मारली. सध्या एक पळवाट चर्चेत आहे: काही राज्यांनी आपसात करार केला आहे की आमचे निर्वाचक देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला देऊ, पण करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच. २०२४ पर्यंत १७ राज्यं आणि राजधानी मिळून २०९ झाले होते. सही करणारे जवळपास सगळे निळ्या बाजूचे. त्यामुळे लाल बाजूला हा डाव वाटतो, आणि निकालानंतर तर निळ्या बाजूचाही उत्साह मावळला. कारण ट्रम्प यांना २०२४ मध्ये ३१२ निर्वाचकही मिळाले आणि लोकांची मतंही सुमारे २३ लाखांनी जास्त. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून फरक होता फक्त २ लाख ३० हजारांचा. तो भरून निघाला असता तर हॅरिसबाई वीस लाख मतांनी मागे असून, ओमाहाच्या ठिपक्याच्या जोरावर, राष्ट्राध्यक्ष झाल्या असत्या. मग लोकशाहीचा खून झाला असं कोण ओरडलं असतं आणि पूर्वजांचं शहाणपण कोण सांगत बसलं असतं, हे चित्र मला फार स्पष्ट दिसतं.

आठव्या दिवशी डॉनर खिंड उतरून फ्रीमॉन्टला भाच्याच्या घरी पोचलो. त्याची टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरली होती, पुढे-मागे छापलेली मोठाली पानं. कॅलिफोर्नियात लोकांना कायद्यांवरही थेट मत द्यावं लागतं. त्या वर्षी राज्याचे दहा प्रस्ताव होते: शाळांसाठी कर्ज, घरभाड्यावर नियंत्रण, चोरीची शिक्षा. शिवाय शहराचं, शाळा मंडळाचं वेगळं. भाचा आणि सूनबाई दीड तास माहितीपुस्तिका उघडून वाद घालत होते. घरभाड्याच्या प्रस्तावावर तर जोरात जुंपली, कारण त्यांनी वरचा मजला भाड्याने दिला होता. आम्ही भडंग खात ऐकत होतो. सगळं भरून पाकीट चिकटवायला घेतलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, "अहो, प्रेसिडेंट राहिला."

तो "हो का" म्हणाला, पेन उघडलं, आणि उभ्या उभ्याच गोल भरला.